अ‍ॅप कुठलं ते नंतर, गेम कुणाचा ते आधी: ऑनलाइन कॅसिनोतला स्टुडिओचा हात कसा ओळखायचा

"खंयचें अ‍ॅप पयशे दिता गो?" गोव्यात चवथीला पत्त्यांचा डाव बसला की हा प्रश्न ठरलेला. कदंबाच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या ओळखीच्या माणसानेही तो मला विचारलेला आहे. मी मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर डीलर होते आणि आता पर्वरीच्या एका ऑफिसात बसून परदेशी स्टुडिओंचे स्लॉट गेम, म्हणजे बटण दाबून चित्रांची रिळं फिरवायचे पैजेचे खेळ, तपासते. लोकांना वाटतं, हिला आतलं काहीतरी ठाऊक असणार.

आतलं एवढंच: अ‍ॅप किंवा वेबसाइट हे फक्त दुकान आहे. फळीवरचा माल दुसऱ्याने बनवलेला असतो, बहुधा माल्टा, स्वीडन, लातविया अशा कुठल्यातरी ठिकाणी. हरल्यावर आवाज कसा यावा, तिसरं चित्र पडायला किती वेळ लावावा, शंभरातले किती परत द्यावेत, हे त्या स्टुडिओतल्या गणितवाल्याने आणि चित्र-आवाज करणाऱ्यांनी कधीच ठरवून ठेवलेलं असतं. ते बाहेरून वाचता येतं. लॅपटॉप, वही आणि मोकळी संध्याकाळ पुरे.

पैसे मात्र लावायचे नाहीत. बहुतेक स्टुडिओ आपापल्या साइटवर गेमचा फुकट डेमो ठेवतात, सगळा अभ्यास त्यावरच करायचा. कारण आहे कायदा. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या कायद्यात पैशांचे ऑनलाइन गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि नेमकी तीच गोष्ट टेलिग्रामवर लिंक पाठवणारे मोठ्याने सांगतात. आपल्या गोव्याची तऱ्हा तर आणखी वेगळी. १९७६च्या जुगार कायद्यात १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीन आली, १९९६च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलं आली, आणि १ फेब्रुवारी २०२०पासून गोंयकाराला तिथे खेळायला बंदी झाली. काम करायला बंदी नाही. ज्या टेबलावर मी पत्ते वाटले त्या टेबलासमोरच्या खुर्चीत मला बसता येत नाही, पण तेच टेबल माझ्या मामेभावाच्या फोनमध्ये रात्री दोन वाजता उघडतं.

नाव शोधा

गेम उघडताना काळ्या पडद्यावर एक-दोन सेकंद जो लोगो दिसतो तो स्टुडिओचा. नेटएंट, प्लेएन गो, प्रॅग्मॅटिक प्ले, प्लेटेक, इव्होल्यूशन, स्प्राइब ही त्यातली मोठी नावं. हा लोगो आपण बघत नाही, बोट आधीच "कंटिन्यू"वर असतं. पुढच्या वेळी बघा आणि वहीत लिहा.

गेम साइटवाल्याच्या मशीनवर चालतच नाही. तो स्टुडिओच्या सर्व्हरवर चालतो, मधला दलाल शेकडो गेम एका तारेत बांधून साइटला जोडून देतो, आणि साइटवाला खातं, पैसे, बोनस एवढं सांभाळतो. गेमच्या कमाईतला ठरलेला हिस्सा स्टुडिओला जातो. म्हणजे तुम्ही गेमवर जितके जास्त वेळ टिकाल तितकं त्याचं भलं, आणि गेमची सगळी रचना याच धोरणाने होते. दहा साइट पालथ्या घातल्या तरी आतला गेम तोच असतो. लोगो वेगळे असले तरी मालक एक असू शकतो: इव्होल्यूशनने एझुगी घेतली, २०२०मध्ये नेटएंट, २०२१मध्ये बिग टाइम गेमिंग.

माहितीचं पान उघडा

कोपऱ्यात तीन रेघा, प्रश्नचिन्ह किंवा "आय" असतं, ते दाबा. शेवटच्या पानापर्यंत जा. कुठेतरी बारीक अक्षरात आरटीपी लिहिलेला असतो, म्हणजे लावलेल्या दर शंभरातले दीर्घकाळात किती परत जातात तो आकडा.

मटका माहीत असलेल्याला हे समजवायला मला एक मिनिट लागतं. आकडे दहा, आणि सिंगल आकड्याला सर्वसाधारण भाव रुपयाला नऊ. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा जातात, नऊ येतात. आरटीपी ९०. स्लॉटवर ९६ दिसलं की माणूस खूश होतो, मटक्यापेक्षा बरं म्हणून. पण मटक्याचा आकडा दिवसातून मोजक्या वेळा फुटतो आणि स्लॉट दर काही सेकंदांनी. आणि टक्का खिशातल्या पैशांवर लागत नाही, फिरवलेल्या पैशांवर लागतो. १० रुपयांचा स्पिन (रिळं एकदा फिरवणं), सहा सेकंदाला एक, तर तासाला ६०० स्पिन, ६,००० रुपयांची उलाढाल. ९६.५ टक्क्यांचा गेम असेल तर त्यातले सरासरी २१० रुपये गेले. जिंकलेले पुन्हा लावले, तेच पैसे पुन्हा त्याच चाळणीतून गेले.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. एकाच गेमचे अनेक आरटीपी असतात. प्रॅग्मॅटिक प्लेचा २०२१चा गेट्स ऑफ ऑलिंपस घ्या. तो ९६.५०, ९५.५१ आणि ९४.५० अशा तीन आवृत्त्यांत निघाला. चित्रं तीच, दाढीवाला झ्यूस तोच, गडगडाट तोच. कुठली आवृत्ती लावायची ते साइटवाला निवडतो. वरच्याच हिशेबात ९४.५० टाका, तासाचे ३३० होतात. पडद्यावर कसलाच फरक दिसत नाही, फक्त त्या माहितीच्या पानावर दिसतो. यूट्यूबवर कुणीतरी "९६.५ आहे" म्हणाला म्हणून तुमच्यासमोरचा गेम ९६.५चा होत नाही.

आरटीपीशेजारी विजेच्या खुणा किंवा मिरच्या काढलेल्या असतात. ती अस्थिरता, व्होलॅटिलिटी. नेटएंटचा स्टारबर्स्ट (२०१२) आणि प्लेएन गोचा बुक ऑफ डेड (२०१६), दोघांचा मूळ आरटीपी ९६च्या किंचित वर. पण स्टारबर्स्ट थोडं थोडं सारखं देत राहतो आणि मोठ्यात मोठा विजय पैजेच्या ५०० पट. बुक ऑफ डेड बराच वेळ काहीच देत नाही आणि त्याची कमाल ५,००० पट. पहिला माणसाला तासभर बसवून ठेवतो, दुसरा "आता येईल, आता येईल" करत ठेवतो. दोन्ही अनुभव गणितवाल्याच्या टेबलावर आकड्यांत मांडलेले असतात, चित्रकाराने रेघ ओढायच्या आधीच.

मोठ्या आकड्यांना भुलू नका. मेगावेज नावाच्या स्लॉट गेमांवर ११७,६४९ मार्ग, म्हणजे चित्रं जुळायच्या तेवढ्या वाटा, असं झळकतं. सहा रिळं, प्रत्येकावर जास्तीत जास्त सात चित्रं, सात सहा वेळा गुणले की तो आकडा येतो. मार्ग वाढले तर दर मार्गाला मिळणारं त्या प्रमाणात कमी केलेलं असतं.

शंभर स्पिन, तीन रकाने

डेमो उघडा. वहीत तीन रकाने आखा: लावले, परत आले, वाजला का. शंभर स्पिन हाताने करा, ऑटोप्ले (आपोआप फिरवणं) नको. कंटाळा येईल. कंटाळा येतो तिथेच गेम काय करतो ते बघा: एखादं चित्र पडदाभर येतं, संगीताचा ठेका चढतो, कोपऱ्यातलं पात्र हलतं.

माझ्या वहीतली एक ओळ अशी: २०, ६, वाजला. वीस रेषांचा गेम, रेषेला एक रुपया. एका रेषेवर तीन सारखी चित्रं आली, सहा रुपये मिळाले. पडद्यावर काय झालं? रेषा चमकली, नाणी उडाली, खालचा आकडा शून्यापासून टिक टिक करत सहावर चढला, शेवटी टणत्कार. शिल्लक मात्र चौदा रुपयांनी उतरली. शंभर झाले की दोन गोष्टी मोजा: "वाजला" किती वेळा आणि परतीचा आकडा लावलेल्यापेक्षा खरोखर मोठा किती वेळा. दोन मोजण्यांत जी तफावत येते ती स्टुडिओने मुद्दाम ठेवलेली आहे.

कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या संशोधकांनी खेळणाऱ्यांच्या त्वचेवरचा घाम मोजून दाखवलं, की अशा हारीलाही शरीर जवळपास जिंकल्यासारखंच उसळतं. ब्रिटनच्या जुगार आयोगाने ३१ ऑक्टोबर २०२१पासून स्लॉटमध्ये हे बंद केलं: परत आलेली रक्कम पैजेइतकी किंवा कमी असेल तर जल्लोषाचा आवाज नाही, चमचमाट नाही. त्याच दिवसापासून तिथे ऑटोप्ले गेला, टर्बो म्हणजे झटपट स्पिन गेला, आणि दोन स्पिनांमध्ये किमान अडीच सेकंद सक्तीचे झाले. जर्मनीत २०२१पासून पाच सेकंद, आणि स्पिनला जास्तीत जास्त एक युरो.

हे रोज माझ्या हाताखालून जातं. एकाच गेमचा ब्रिटनचा बिल्ड (त्या बाजारासाठी तयार केलेली आवृत्ती) आणि बाकीच्या बाजारांचा बिल्ड. ब्रिटनच्या बिल्डमध्ये २० लावून ६ आले की मी कान देऊन ऐकते: काही वाजलं तर तो दोष, तक्रार लिहायची. दुसऱ्या बिल्डमध्ये तेच सहा रुपये आले आणि वाजलं नाही तर तो दोष. टर्बोचं बटण एकात दिसता कामा नये, दुसऱ्यात न दिसून चालत नाही. दोन्ही एकामागून एक चालवले की दुसऱ्या बाजारातल्या माणसाला काय विकलं जातंय ते सेटिंगच्या फाइलमध्ये ओळीने वाचता येतं. तुम्हाला ती फाइल दिसणार नाही, पण आयोगाने काय काय काढायला लावलं तेवढं तुमच्या फोनवरच्या गेममध्ये तपासा. जे जे शिल्लक सापडेल ते लिहा.

रिळं थांबतात तेव्हा काय होतं

तपासणीच्या वेळी माझ्यासमोर दोन खिडक्या असतात. डावीकडे सर्व्हरकडून आलेला मजकूर, उजवीकडे गेम. बटण दाबलं की डावीकडे क्षणात उत्तर येतं: कुठल्या रिळावर कुठली चित्रं, किती पैसे, बोनस आहे की नाही. उजवीकडे रिळं अजून नुसती फिरताहेत. समजा दोन बोनस-चित्रं पडली, तिसरं पडलं तर फुकट स्पिनांची बोनस फेरी मिळणार. आता तिसरं रीळ हळू होतं, त्याच्याभोवती जाळ पेटतो, नगारा वाजतो, बाकीचा पडदा काळवंडतो. आमच्या भाषेत याला अँटिसिपेशन म्हणतात. डावीकडे "बोनस नाही" हे कधीच लिहून आलेलं असतं, उजवीकडचा नगारा तरीही पूर्ण वाजतो.

घरी बघायचं असेल तर रिळं फिरायला लागल्यावर थोडं थांबून वाय-फाय बंद करा. बहुतेक वेळा रिळं आरामात थांबतात, निकाल दाखवतात, आणि पुढच्या स्पिनला "जोडणी तुटली" असा निरोप येतो. स्पिन चालू असताना मिळणारं "स्टॉप" बटणही तसंच. ते लवकर दाबलं म्हणून चित्र बदलत नाही, फक्त देखावा आवरता घेतला जातो. बोटीवर कार्ड मशीनवर घासून, बटणावर हात ठेवून मंत्र म्हणणारे मी पाहिलेत. त्यांचा हात आणि निकाल यांची भेटच होत नाही.

मग निकाल प्रामाणिक असतो का? नावाजलेल्या स्टुडिओंचे गेम जीएलआय, बीएमएम, आयटेक लॅब्ज, ईकोग्रा अशा प्रयोगशाळांतून जातात. आकडे खरोखर आधी न सांगता येणारे निघतात का आणि परतावा गणिताच्या तक्त्याशी जुळतो का, हे तिथे तपासतात. नगारा वाजवावा की नाही हे ते तपासत नाहीत. "सर्टिफाइड" शिक्का बघितला तर तो एवढ्यापुरताच समजायचा.

याच बैठकीत ही बोनस फेरी थेट विकत घेण्याचं बटणही शोधा. गेट्स ऑफ ऑलिंपसमध्ये त्याची किंमत पैजेच्या १०० पट. माणूस डोक्यात "दहा रुपयांचा गेम खेळतोय" म्हणतो आणि एका टिचकीत हजार रुपये लावतो. माझ्या मते स्लॉटमधलं सगळ्यात लबाड बटण हेच.

लाइव्ह टेबल: इथे मी डीलर म्हणून बोलते

लाइव्हमध्ये खरी मुलगी, खरं चाक, खरे पत्ते. इव्होल्यूशन २००६पासून या धंद्यात आहे आणि तिचा मोठा स्टुडिओ लातवियातल्या रिगामध्ये आहे. डीलरचे हात बघा. पत्ते वाटून झाले की ती तळहात उघडे करून दाखवते, बोटीवर आम्हीही तेच करायचो, वरच्या कॅमेऱ्यासाठी. हात स्वच्छ असतात. स्टुडिओची कारागिरी हातांत नाही, पैसे देण्याच्या तक्त्यात आहे.

लाइटनिंग रूलेट घ्या, २०१८चा. साध्या एका शून्याच्या रूलेटमध्ये, म्हणजे चेंडू फिरवायच्या चाकात, ३७ घरं असतात आणि एका आकड्याला ३५ पट मिळतात, शिवाय लावलेलं परत. सगळ्या ३७ आकड्यांवर शंभर शंभर लावले तर ३,७०० जातात, ३,६०० येतात. लाइटनिंगमध्ये तोच आकडा लागला तर २९ पट. ३,७०० लावले, ३,००० आले. कापलेले सहाशे कुठे जातात? दर फेरीला एक ते पाच आकड्यांवर वीज पडते आणि त्यांना ५०पासून ५०० पटींपर्यंत मिळतं, त्यात. दीर्घकाळचा टक्का जवळपास पूर्वीइतकाच राहतो, पण रोजच्या साध्या जिंकण्यातून सहाशे काढून ते विजेच्या कडकडाटात ठेवले. माणूस मग वीज बघायला बसतो. धंदेवाईक नजरेने पाहिलं तर कौतुक करावं अशी युक्ती आहे, मी ते नाकारणार नाही.

अंदर बाहर तर आपल्याकडचाच डाव, बोटीवर त्याच्या टेबलाभोवती नेहमी गर्दी. ज्या बाजूला पहिला पत्ता पडतो ती बाजू जिंकायची शक्यता ५१.५ टक्के असते. हे स्टुडिओला ठाऊक असतं, म्हणून पहिला पत्ता अंदरला पडत असेल तर अनेक तक्त्यांत अंदरला रुपयाला नव्वद पैसे आणि बाहरला पूर्ण रुपया. हिशेब केलात तर अंदरवर शंभराला सव्वादोनच्या आत जातात, बाहरवर तीन. चवथीला घरी सम-सम खेळणाऱ्याने तक्ता न वाचता "पूर्ण रुपया मिळतो" म्हणून बाहर धरला की स्टुडिओचं काम झालं. आणि बाजूच्या पैजा, "किती पत्त्यांत येईल" वगैरे, त्यांचा टक्का वेगळा आणि बहुधा जास्त जाचक. तोही माहितीच्या पानावर असतो.

विमान

एव्हिएटरबद्दल थोडक्यात, कारण गावागावांतली पोरं त्यातच अडकलीत. स्प्राइबचा २०१९चा गेम, आरटीपी ९७. विमान वर चढतं तशी पट वाढते; ते उडून जायच्या आत बटण दाबून उतरलात तर तेवढी पट मिळते, नाहीतर पैज गेली. विमान २ पटींपर्यंत पोचायची शक्यता निम्म्याहून थोडी कमी. लवकर उतरा की उशिरा, दीर्घकाळात शंभराचे सत्त्याण्णवच. पण उतरायचं बटण तुमच्या हातात दिलंय, त्यामुळे हरल्यावर "मी दोन सेकंद आधी दाबायला हवं होतं" असं वाटतं. शेजारच्या यादीत इतर खेळाडू किती घेऊन उतरले ते धावत असतं, आणि वरच्या पट्टीवर मागचे आकडे, ज्यांचा पुढच्या फेरीशी काहीही संबंध नाही. फेरीचा निकाल मागाहून बदलला नाही हे गणिती कुलुपाने पडताळता येतं, ते खरंच आहे. तीन टक्के मात्र त्या कुलुपाच्या आतच आहेत. "पुढचा आकडा सांगतो" म्हणणारी अ‍ॅप निव्वळ फसवणूक.

गेम खरा आहे का

आतापर्यंतचं सगळं खऱ्या स्टुडिओच्या खऱ्या गेमबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपवरून येणाऱ्या लिंकमागे पुष्कळदा नकला असतात: चित्रं चोरलेली, सर्व्हर भलत्याचाच. स्टुडिओच्या साइटवरचा डेमो आणि लिंकमधला गेम शेजारी उघडा. माहितीचं पान आहे का? आरटीपी छापलाय का? बोनसची किंमत, कमाल पटी, नियमांची वाक्यं जुळतात का? नकलेत शेवटची पानं बहुधा गाळलेली असतात किंवा भाषा तुटकी असते. लॅपटॉपवर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कची खिडकी उघडली तर गेम कुठल्या पत्त्यावरून येतोय तेही दिसतं. तिथे स्टुडिओचं किंवा ओळखीच्या दलालाचं नावच नसेल तर प्रयोगशाळा, टक्का, वरचा सगळा हिशेब रद्द.

पैसे भरण्याचं पान एवढं तरी बघाच. क्यूआर स्कॅन केल्यावर यूपीआयवर जे नाव उमटतं ते वाचा आणि पैसे न भरता मागे या. कॅसिनोच्या जागी कुणा अनोळखी माणसाचं किंवा कपड्याच्या दुकानाचं नाव असेल, आणि दर वेळी वेगळं असेल, तर ती भाड्याने घेतलेली खाती. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका. सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगत जाते.